रंग बाहेर काढल्यावर चढतो

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात तुम्ही आलात, ओल्या छत्र्या दाराशी ठेवून बसलात, तेव्हा फार प्रस्तावना न करता सुरुवात करते. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘बुयेई बाईची टोपी’. टोपीपर्यंत मी तुम्हाला नेणार आहे. पण त्या वाटेवर निळीचं एक पिंप लागतं, आणि पिंपात डोकावल्याशिवाय टोपी कळत नाही, असं माझं बऱ्याच वर्षांचं मत आहे. तेच आज मांडायचंय.

आधी हे लोक कोण ते सांगते. चीनच्या नैर्ऋत्येला क्वीचौ नावाचा प्रांत आहे. सगळा मुलूख चुनखडीचा. डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीसारख्या लांबच लांब रांगा नव्हेत. सुटे सुटे सुळके, कुणी धान्याच्या राशी ओतून ठेवाव्यात तसे. तिथली जुनी म्हण आहे: आभाळ तीन दिवस सलग मोकळं नाही, जमीन तीन हात सलग सपाट नाही आणि माणसाच्या गाठीला तीन पैसे नाहीत. या मुलखात बुयेई राहतात. 2020 च्या जनगणनेत ते 35 लाखांच्या वर भरले. शिंगयी आणि दुयुन ही दोन शहरं ज्यांची ठाणी आहेत, असे दोन स्वायत्त विभाग त्यांच्या आणि म्याओ लोकांच्या जोडनावाने आहेत. थोडे बुयेई युन्नानमध्ये, थोडे सीमेपलीकडे व्हिएतनाममध्येही आहेत.

म्याओ उंचावर राहतात, बुयेई खाली, नदीकाठी, भातखाचरांच्या कडेने. त्यांच्या भाषेत भातखाचराला ‘ना’ म्हणतात. शिंगयीजवळ सुळक्यांच्या पायथ्याशी नाहुई नावाचं गाव आहे, त्यातला ‘ना’ हाच. नकाशावर बोट ठेवून दक्षिणेला सरकत जा. क्वांग्शीत ‘ना’ची गावं, लाओसमध्ये ‘ना’ची गावं, थायलंडमध्ये ‘ना’ची गावं. भात लावणारी माणसं कुठे कुठे पसरली, त्याचा माग या एका अक्षरावरून काढता येतो.

आता मला सांगा, तुमच्यापैकी बँकॉकला कोण कोण जाऊन आलंय? हात वर करा. बरेच आहेत की! काय काय खरेदी केलीत ते मी विचारत नाही, घासाघीस करताना आकडे कुठले ऐकलेत तेवढं आठवा. सोंग, साम, सी, हा. दोन, तीन, चार, पाच. बरोबर? बुयेई आजी कोंबडीची पिल्लं मोजते तीही सोंग, साम, सी, हा अशीच. थाई आठाला ‘पेत’ म्हणतो, बुयेईही जवळजवळ तेच म्हणतो. एकाच ताई भाषाकुळातल्या या बहिणी. म्हणजे चीनच्या पोटातल्या या बाईला बीजिंगच्या माणसापेक्षा बँकॉकच्या भाजीवालीचे आकडे लवकर कळतील. आणि आपल्या देशात 1228 मध्ये आसामात उतरलेले आहोम, त्यांची जुनी भाषाही याच कुळातली. तेव्हा हे लोक आपल्याला अगदीच परके आहेत असं समजू नका.

नावाबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण नावाशी माझं भांडण आहे. ‘बु’ म्हणजे माणूस. ‘मो’ म्हणजे त्यांचे धर्मपाठ; ते म्हणणारा तो ‘बुमो’, त्यांचा पुरोहित. ‘याय’ हे त्यांचं स्वतःचं नाव, म्हणून ते ‘बुयाय’. पण कित्येक शतकं चिनी दप्तरांत त्यांना ‘चोंगच्या’ म्हणत आले. त्यांचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर चढलं ते 1953 मध्ये. शिंगयी हे शहराचं नावही असंच बाहेरून आलेलं. 1797 मध्ये त्या भागात, नानलोंगला, बुयेईंनी मोठा उठाव केला. त्याच्या पुढाऱ्यांत एक तरुण मुलगी होती. इतिहासात ती वांग नांगश्येन म्हणून ओळखली जाते. लोक तिला देवीच मानत. तिच्यासोबत वेई चाओयुआन होता. उठाव मोडला, दोघांना बीजिंगला नेऊन मारलं. आणि च्याचिंग बादशहाने नानलोंगचं नाव बदलून शिंगयी केलं. त्याचा अर्थ ‘सद्धर्माचा उदय’ असा काहीसा होतो. ज्यांनी बादशहाच्या बाजूने ठाणं लढवलं त्यांच्या गौरवासाठी ते नाव दिलेलं. आज तिथली बुयेई पोरं शाळेच्या वहीवर पत्ता लिहितात तेव्हा तेच नाव लिहितात.

मी हे का सांगते आहे? आपल्याकडच्या एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात एक घागरा लावलेला आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा काचेला नाक लावून अर्धा तास उभी होते. लांब, बारीक चुण्यांचा, गडद निळा, खालच्या पट्ट्यावर मेणाने काढलेली पांढरी वर्तुळं, वर्तुळात वर्तुळ, भोवऱ्यासारखी. क्वीचौतल्या चन्निंग भागातल्या बुयेई बायकांचा घागरा. माझी चूक होणं शक्यच नव्हतं, तसा एक माझ्या कपाटात आहे. आणि खाली पाटी काय? ‘चिनी शेतकरी स्त्रीचा घागरा.’ बस्स. गाव नाही, समाज नाही, कसा केला ते नाही.

मी पत्र लिहिलं. नम्र पत्र, सोबत माझ्या घागऱ्याचे फोटो. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. वर्षाने गेले, पाटी तीच. दुसरं पत्र लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर पाटी बदलली. मी धावत पाहायला गेले. नवी पाटी: ‘म्याओ घागरा.’ 

हसताय, हसा, पण मला त्या दिवशी तिथल्या बाकावर बसून रडू आलं होतं. म्याओ लोकांबद्दल मला आदर आहे, त्यांचं मेणकाम थोरच आहे. 2006 मध्ये चीनने आपल्या अमूर्त वारशाची पहिली राष्ट्रीय यादी केली तेव्हा मेणकामाची नोंद म्याओंच्या नावावर झाली. बुयेईंच्या नावावर त्यांचं बसून गायचं अष्टस्वरी गायन आलं, काशाच्या ढोलाचे बारा ताल आले, छापाईचा गाण्यांचा मेळा आला. यादीला कुठलं तरी एक नाव लिहावं लागतं, हे मला समजतं. पण त्यामुळे झालंय असं, की निळ्यावर पांढरं दिसलं की जग म्हणतं म्याओ. आपल्याकडे तर बाटिक म्हटलं की जावा, फार तर शांतिनिकेतन. चन्निंगच्या दगडी घरात पाटावर कापड पसरून बसलेली ती बाई कुणाच्याच हिशोबात नाही.

ती दगडी घरं मात्र तुम्ही बघायला हवीत. ह्वांगक्वोशू नावाचा प्रचंड धबधबा आहे, सत्तर-पंचाहत्तर मीटरच्या वर उंची. तिथे प्रवाशांच्या बसगाड्यांची रांग असते. तिथून जवळच शितोउचाई, म्हणजे शब्दशः दगडगाव. भिंती दगडाच्या, पायऱ्या दगडाच्या, कुंपण दगडाचं, आणि छपरावर कौलांच्या जागी पातळ दगडी फरश्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक सारलेल्या. चुनखडी थरांनी निघते, म्हणून हे जमतं. पावसात अख्खं गाव काळंभोर चमकतं. आणि त्या काळ्या अंगणात दोरीवर निळं कापड.

आता पिंपाकडे येते. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं, निराळी घराणं. तुमच्यातल्या तरुण मंडळींना हे नाव कदाचित माहीत नसेल. निराळी म्हणजे नीळ रंगवणारे. आजोबांच्या परसात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण होते. चुना, गूळ, टाकळ्याचं बी शिजवून घातलेलं, आणि नीळ. जर्मनीतली कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आली. आजोबांच्या हयातीत रांजणात पडायची ती डब्यातली नीळच. पण रांजण लावायची रीत जुनी होती. आजोबा रांजणाला ‘ती’ म्हणायचे. ‘तिला आज बरं नाही.’ ‘तिला भूक लागलीय, गूळ आण.’ ‘ती रुसलीय.’ मी लहान होते, मला वाटायचं आत कुणीतरी राहतं. पुढे गिरणीचं कापड, रासायनिक रंग, सगळं तुम्हाला माहीत आहे. रांजण फोडले, वर मोरी बांधली.

नंतर पुष्कळ वर्षांनी मी चन्निंगजवळच्या एका गावात, एका बुयेई आजींच्या घरी पंधरा दिवस राहिले. सोबत दुभाषी मुलगी होती. पहिल्याच सकाळी आजींनी लाकडी पिंपावरचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि काहीतरी पुटपुटल्या. मी दुभाषीकडे पाहिलं. ती म्हणाली, “आजी म्हणतायत, आज बरं नाहीये. दारू पाजावी लागेल.” मंडळी, मी तिथे मटकन खाली बसले. आजोबांचा आवाज मला चाळीस वर्षांनी परत ऐकू आला, आणि तो चिनी डोंगरात, एका परक्या बाईच्या तोंडून.

आजोबा गूळ द्यायचे, आजी तांदळाची दारू देतात. इथे चुना नि टाकळा, तिथे राखेचं पाणी. काम एकच. पिंपात आंबवण चालू राहायला हवी, आणि आंबवणारे जीव उपाशी राहता कामा नयेत.

त्यांची नीळ येते ती एका झुडपाच्या पानांतून, आणि हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी कारवी पाहिली आहे ना? सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा करणारी. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आपण पिढ्यान्‌पिढ्या सारवत आलो. वनस्पतिशास्त्रात ती स्ट्रोबिलॅन्थिस. बुयेईंचं निळीचं झुडूप त्याच गणातलं, कारवीची सख्खी बहीण म्हणा. घरामागच्या ओलसर सावलीत ते वाढतं, फांदी खोवली की लागतं. आपल्या देशातली जुनी नीळ वेगळ्या झाडाची, शेंगवर्गातली. आणि आपल्याला नीळ म्हटलं की काय आठवतं? 1859 चा बंगालमधला उठाव, 1917 चं चंपारण. गोऱ्याचा मळा, सक्तीचा पेरा. तिथे नीळ बाईच्या परसात वाढते, तिच्या हातची, तिच्या मुलीच्या घागऱ्यासाठी. रंग तोच, पण एकीकडे गळ्यातला फास नि दुसरीकडे हुंड्यातला दागिना.

पानं पाण्यात भिजत घालतात, काही दिवस. कुजकट वास सुटतो, पाणी हिरवट होतं. पानं काढून टाकायची, चुना घालायचा आणि घुसळायचं, हात भरून येईपर्यंत घुसळायचं. निळा फेस येतो. मग ठेवून द्यायचं, तळाशी लगदा बसतो. ती नीळ. ती पिंपात राखेच्या पाण्याबरोबर, दारूबरोबर मुरवायची. पिंप तयार झालं की वरच्या साईवर तांब्यासारखी झाक येते आणि आत पाहावं तर पाणी निळं नाहीच. पिवळसर हिरवं.

तिकडे मेणकाम चाललेलं असतं. मधमाशीचं मेण निखाऱ्यावर वाटीत पातळ करतात. लेखणी म्हणजे बांबूच्या दांडीला बांधलेली तांब्याची त्रिकोणी पाती, दोन-तीन एकावर एक, मधल्या फटीत मेण धरून राहतं. कागदावर नक्षी नाही, पेन्सिलची रेघ नाही. आजी नखाने कापडावर एक खूण करतात आणि थेट वर्तुळ सुरू. मी विचारलं, हा भोवरा आहे का? हो म्हणाल्या. शेजारच्या बाईला विचारलं, ती म्हणाली, नेच्याचा कोंब आहे, गुंडाळलेला. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, हो, तेही. मला दोन्ही पटले. निळीचं पिंप थंड असतं म्हणून हे जमतं. गरम रंगात मेण वितळून गेलं असतं. सगळं झाल्यावर कापड उकळत्या पाण्यात घालतात, मेण सुटतं, पांढरं उघडं पडतं.

आणि आता माझी चूक सांगते, कारण तिथेच मला हे सगळं कळलं. आजींनी मला एक वीतभर कापड दिलं. मला गडद निळा हवा होता, आजोबांच्या रांजणातून निघायचा तसा, जवळजवळ काळा. मी कापड पिंपात सोडलं आणि धरून ठेवलं. दहा मिनिटं, पंधरा, वीस. मला वाटलं, जितकं मुरेल तितकं चढेल. लोणच्याचा हिशोब! आजी कोंबड्यांना दाणे टाकून परत आल्या, माझा हात पाहिला आणि ओरडल्याच. कापड ओढून बाहेर काढलं. मी पाहिलं तर हिरवट, मळकं. मग डोळ्यांसमोर ते बदलायला लागलं. कडेपासून हिरवा जाऊन निळा आला, पसरत आत गेला. आजी बोटाने हवेकडे दाखवत होत्या. दुभाषी म्हणाली, “आजी म्हणतायत, रंग आत चढत नाही. बाहेर काढल्यावर चढतो. घाल, काढ, वारा दे, परत घाल. तू बुडवूनच ठेवलंस तर त्याला निळं व्हायला जागा कुठे आहे?”

शास्त्र तेच सांगतं. नीळ पाण्यात विरघळत नाही. पिंपात हवा नसते, तिथे तिचं रूप पालटतं, ती हिरवट होते, विरघळते आणि धाग्यात शिरते. बाहेर आलं की प्राणवायू लागतो, ती पुन्हा निळी होते, पुन्हा न विरघळणारी, आणि धाग्याच्या पोटात अडकून बसते. म्हणून पक्का होतो तो रंग. गडद हवा असेल तर जास्त वेळ नाही, जास्त खेपा. दिवसात तीन-चार, असे कित्येक दिवस. माझ्या त्या तुकड्यावर आजही डाग आहेत, कारण मी तळाचा गाळ ढवळला होता. पण बाहेर काढल्यावर रंग चढतो हे वाक्य मी घेऊन आले, आणि त्या समाजाच्या पुष्कळ गोष्टी मला त्या वाक्यातून दिसायला लागल्या.

अच्छा, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि टोपी अजून पेटीतच आहे! मी भरभर सांगते, पण हाच माझा खरा मुद्दा आहे, तेव्हा सावरून बसा.

मराठीत ‘माहेरी बसली’ म्हटलं की काय अर्थ होतो ते मी सांगायला नको. दोन शब्दांत बाईची बेअब्रू. आता ऐका. चन्निंग आणि आसपासच्या बुयेईंत जुन्या रीतीप्रमाणे लग्न झाल्यावर मुलगी सासरी थोडेच दिवस राहून माहेरी परत यायची. या रीतीला चिनीत जे नाव आहे त्याचा अर्थच ‘घरी बसणं’. लग्न झालेली, पण वेणी मुलीचीच, अंगावर काम माहेरचं. लावणीला, कापणीला, सणाला सासरहून बोलावणं येई, ती जाई, चार दिवस हात लावी आणि परत येई. असं वर्षं वर्षं चाले. कुणी तिला नावं ठेवत नसत. माझ्या मनात तेव्हा पिंपच उभं राहिलं. घाल, काढ, वारा दे. नवऱ्याच्या घराचा रंग तिच्यावर चढायचा तो ती तिथून बाहेर आल्यावर, आपल्या आईच्या अंगणात.

मग एक दिवस टोपी यायची. ही बघा. बांबूच्या कोंबावरचं कडक आवरण असतं ना, त्याचा सांगाडा, वर निळं कापड गुंडाळलेलं, मागचा भाग सुपासारखा बाहेर काढलेला. सासरच्या बायका ही टोपी आणि एक कोंबडी घेऊन गुपचूप माहेरच्या घरी यायच्या आणि लपून बसायच्या. मुलगी बेसावध असली की तिला मागून धरायचं, वेणी सोडायची आणि टोपी चढवायची. टोपी चढली की माहेरी बसणं संपलं, ती सासरची झाली. मुलगी निसटली तर बायका परत जायच्या, पुन्हा कधीतरी यायच्या. 

हे गोड नाही. ‘धरून’ म्हणाले मी, तो शब्द मऊ करत नाही. लग्नंही आईवडील लहानपणीच ठरवून मोकळे होत. आजींना मी विचारलं, तुम्ही निसटलात का? त्या म्हणाल्या, “दोनदा.” आणि बोटं दाखवली, सोंग. तिसऱ्यांदा? तेव्हा त्या भाताच्या पेंढ्या रचत होत्या, दोन्ही हात अडकलेले. त्या सांगत होत्या आणि सून भाजी चिरता चिरता हसत होती. सुनेच्या डोक्यावर टोपी नव्हती, तिने कधी घातलीच नाही; ती ग्वांगतोंगमधल्या कारखान्यात काम करून आलेली, लग्न तिचं तिने जमवलेलं. तिला सासूची गोष्ट नवीच होती.

तरी त्या रीतीत मुलीच्या हातात एक गोष्ट होती, वेळ. आणि त्या वेळात गाणं होतं. बाजाराच्या दिवशी, सणाला, तरुण मुलंमुली जराशी बाजूला जाऊन सवालजवाबांत गायची. त्याने एक कडवं टाकायचं, तिने उचलून परतवायचं. नुसतं गोड गळ्याचं काम नाही, हजरजबाबी हवं. सहाव्या चांद्रमासाच्या एकविसाव्या दिवशी शिंगयीजवळ छापाईचा मेळा भरतो, तो अशाच दोघांच्या नावाने. त्याने तिला वाघाच्या तोंडून सोडवलं, गावच्या धनदांडग्याने त्याला मारलं, तिने आगीत उडी घेतली. लोक तीन दिवस गातात. त्याच महिन्याच्या सहाव्याला, सहा-सहाच्या सणाला, माहेरवाशिणी घरी येतात. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्याला चिकट तांदळाचा रंगीत भात, झाडपाल्याच्या रसात भिजवून रंगवलेला, पिवळा, काळा, जांभळा. त्यावर बोलायला मला आणखी एक संध्याकाळ लागेल.

आणि शेवटची खेप. माणूस मेलं की बुमो येतो. ‘मो’चे पाठ तोंडी आहेत आणि लिहिलेलीही, चिनी अक्षरं घेऊन त्यांना बुयेई उच्चार लावलेले, हाताने उतरवलेल्या पोथ्या. लीपो तालुक्यातल्या अशा पोथ्या राष्ट्रीय दुर्मीळ ग्रंथांच्या यादीत आहेत. तेव्हा ‘लिपी नसलेले लोक’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. 1956 मध्ये त्यांच्यासाठी रोमन अक्षरांची लिपी केली गेली, पण पोथी त्याच्या कितीतरी आधीची. बुमो ती म्हणतो आणि आत्म्याला वाट सांगतो, पूर्वज जिथून आले तिथे परत जायची. काशाचा ढोल वाजत असतो. माझ्या त्या चन्निंगच्या आजी, मी राहून आल्यावर चार वर्षांनी गेल्या. सुनेने दुभाषीकरवी कळवलं, की त्यांना त्यांच्याच हाताने रंगवलेल्या निळ्यात गुंडाळलं, आणि पिंपाला त्या दिवशी दारू घालायला ती विसरली नाही.

वेळ झाला, उठते आहे. संग्रहालयाला चौथं पत्र पाठवलंय. तुमच्यापैकी कुणाला सहीला नाव द्यायचं असेल तर बाहेर टेबलावर कागद आहे; त्यावर ‘बुयेई’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलाय, तो त्यांनी पाटीवर उतरवून घ्यावा म्हणून. टोपी इथे मांडून ठेवते, कडेला धरूनच उचला, बांबूचं आवरण वाळलंय. आणि हा माझा डाग पडलेला तुकडा पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. वास घ्या, अजून येतो. ज्यांचे हात पावसाने ओले आहेत त्यांनी आधी पुसा.